उकाड्याला आकडा हवा

पाणी उकळतं, बटाटा उकडतो. हा फरक स्वयंपाकघरात कुणाला शिकवावा लागत नाही. वांगं भाजतात, पापड भाजतात. अंडी आणि रताळी उकडतात. भाजायला कोरडी आच लागते, उकडायला पाणी नाहीतर वाफ. मे महिन्यात नागपूरकर म्हणतो की अंगाची लाही लाही होतेय. लाही कोरड्या, तापलेल्या कढईत फुटते. मुंबईकर म्हणतो, उकडतंय. दोघंही नकळत आपापल्या हवेचं अचूक वर्णन करत असतात. पहिल्याच्या हवेत पाणी नाही, दुसऱ्याच्या हवेत ते ठासून भरलेलं आहे.

भाषेने केलेला हा भेद आपल्या बातम्यांनी आणि सरकारी इशाऱ्यांनी पुसून टाकला. 'राज्यात उकाडा वाढला, पारा ४४ वर' हा मथळा दर उन्हाळ्यात दिसतो, आणि त्या ४४ अंशांच्या गावात बहुधा उकाडा नसतोच. तिथे ऊन असतं, झळा असतात, रखरख असते. खरा उकाडा असतो तिथे पारा ३४ दाखवतो, म्हणून तिथे मथळाही नाही आणि इशाराही नाही. उकाडा ही उन्हाहून वेगळी आपत्ती आहे, तिला स्वतःचा मापदंड आणि स्वतःचा इशारा हवा, आणि त्यासाठी परक्या शब्दांचं भाषांतर करण्याची गरज नाही, हे या लेखाचं म्हणणं.

शब्दापासूनच सुरुवात करू. व्युत्पत्तिकार 'उकडणे'चा माग संस्कृतातल्या 'उद् + क्वथ्' पर्यंत नेतात. क्वथ् म्हणजे कढणं. क्वाथाचा काढा झाला, क्वथिताची कढी झाली, आणि 'कढ' तर आपण तसाच वापरतो. प्राकृतात क्वथ् चा 'कढ' होतो हे हेमचंद्राच्या बाराव्या शतकातल्या व्याकरणातही नोंदलेलं आहे. 'कढ' मधल्या ढ चा 'उकड' मध्ये ड कसा झाला, असं कुणी विचारेल. पण शब्दाच्या शेवटचा जोरकस श्वास मराठी बऱ्याचदा सोडून देते. हत्थ चा हात झाला, भुक्खा ची भूक झाली. म्हणजे काढा, कढी, उकड आणि उकाडा ही सगळी एकाच पातेल्यातली भावंडं. प्रत्येकात पाणी आहे. कोरडा काढा जसा असू शकत नाही, तसा कोरडा उकाडाही असू शकत नाही.

'ऊन' वेगळ्या घराण्यातलं. उष्ण, मग प्राकृत उण्ह, मग ऊन, उष्णकालाचा उन्हाळा. 'ऊन ऊन भात' मध्ये त्याचा जुना अर्थ अजून जिवंत आहे. 'तलखी'त फारसी तल्ख, म्हणजे कडवटपणा, ऐकू येतो. 'उष्मा' संस्कृत 'ऊष्मन्' वरून आला. शाळेच्या व्याकरणात श, ष, स यांना उष्मे म्हणतात ते याच नात्याने, कारण ते उच्चारताना तोंडातून ऊन वाफ घासत बाहेर पडते.

सगळ्यात गमतीची जोडी मात्र घाम आणि गरम यांची. संस्कृतात 'घर्म' म्हणजे उष्णता. उत्तरेकडच्या बोलींत 'घाम' अजूनही उन्हाला म्हणतात. मराठीत तोच शब्द उन्हावरून सरकत सरकत अंगावरच्या पाण्यापर्यंत आला. त्याच मुळाचं फारसी रूप 'गर्म', जे आपल्याकडे 'गरम' होऊन आलं. ग्रीक रूप 'थर्मॉस', ज्यावरून थर्मामीटर. म्हणजे घाम आणि थर्मामीटर हे सख्खे चुलतभाऊ आहेत. आपल्या उष्णतेच्या धोरणाची अडचण एका वाक्यात सांगायची तर ते या दोघांपैकी एकाचंच ऐकतं.

व्याकरणही बोलकं आहे. 'मला ऊन लागतंय' या वाक्यात ऊन कर्ता आहे. 'मला उकडतंय' यात कर्ताच नाही. उजाडलं, सांजावलं, मळमळतंय, उकडतंय अशा क्रियापदांना आपले वैयाकरण भावकर्तृक म्हणतात: क्रिया घडते, पण ती करणारं कुणी बोट दाखवण्यासारखं नसतं. उन्हाकडे बोट दाखवता येतं, त्यापासून सावलीत पळता येतं. उकाडा सावलीत असतो, घरात असतो, रात्री दोन वाजताही असतो. या वाक्यात आपण बटाट्याच्या जागी असतो आणि सभोवतालची हवा वाफेच्या जागी.

आता शरीराचा हिशेब. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॉट उष्णता निर्माण करतं, एका जुन्या पिवळ्या बल्बइतकी. घमेली वाहणाऱ्या मजुराच्या शरीरात ती ४०० वॉटच्या आसपास जाते. ही उष्णता बाहेर टाकली नाही तर शरीराचं आतलं तापमान चढत जातं. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर थोडी उष्णता आपोआप निघून जाते. त्वचा ३५ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे हवा तिथे पोचली की ती वाट बंद होते आणि उरतो फक्त घाम. घामाचा एक मिलिलिटर वाळताना सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जातो. त्या मजुराची सगळी उष्णता घामानेच काढायची तर तासाला ६०० मिलिलिटर घाम वाळला पाहिजे. इथे 'वाळला' महत्त्वाचं. निथळून खाली पडलेला घाम, बनियनमध्ये जिरलेला घाम शरीराला जवळजवळ काहीच थंड करत नाही. पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. घामोळंही याचंच अपत्य: त्वचा तासन् तास ओली राहिली की घामाच्या नळ्यांची तोंडं बुजतात.

घाम किती वेगाने वाळेल हे हवेत आधीच किती वाफ आहे यावर ठरतं. ते मोजायचं साधन अगदी साधं आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळायचं आणि त्यावर वारा घ्यायचा. पाणी वाळत जातं तसा पारा उतरतो आणि एका जागी थांबतो. हा ओला पारा. घामेजलेलं शरीर जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, याची ती तळरेषा असते.

दोन दुपारी शेजारी ठेवून पाहू. नागपूर: ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. ओला पारा सुमारे २३. मुंबई: ३४ अंश, आर्द्रता ७० टक्के. ओला पारा सुमारे २९. कोरड्या पाऱ्यात नागपूर दहा अंशांनी पुढे, ओल्या पाऱ्यात मुंबई सहा अंशांनी पुढे. वाफेच्या दाबाच्या भाषेत, मुंबईच्या त्या दुपारी घामाला वाळायला जेवढा वाव मिळतो तो नागपूरच्या निम्म्याहूनही कमी.

याचा अर्थ नागपूरचं ऊन निरुपद्रवी आहे असा अजिबात नाही. तिथे हवाच शरीराला तापवते, घाम दिसायच्या आत उडून जातो, अंग कोरडं वाटतं, आणि तासाला लिटरभर पाणी कधी गेलं ते कळतच नाही. माणूस सुकतो आणि मग कोसळतो. कोकणात माणूस चिंब भिजून कोसळतो. मरण दोन्हीकडे आहे, मार्ग वेगळे आहेत, म्हणून उपायही वेगळे असायला हवेत.

ओल्या पाऱ्याची किती पातळी माणूस सोसू शकतो? २०१० मध्ये मांडलेली तात्त्विक सीमा ३५ अंशांची. तिथे त्वचेला उष्णता बाहेर टाकायला वावच उरत नाही. पंखा, सावली, विश्रांती काही असलं तरी काही तासांत शरीर हरतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगांत मात्र, दमट हवेत हलकी हालचाल करणाऱ्या तरुण, निरोगी माणसांचं आतलं तापमान ओला पारा ३० ते ३१ च्या आसपास असतानाच आवरेनासं झालं. म्हातारी माणसं, हृदयविकार असलेले, लघवी वाढवणारी औषधं घेणारे यांची सीमा त्याहून खालीच धरायला हवी. वरच्या उदाहरणातली मुंबई २९ वर आहे. चर्चा दूरच्या भविष्याची नाही.

आता आपले निकष पाहा. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो तोच मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश, डोंगराळ भागात ३० अंश गाठलं तर. त्यातही ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त हवं. त्याहून अधिक असेल तर तीव्र लाट. किंवा थेट ४५ अंश झाले की लाट आणि ४७ झाले की तीव्र लाट. किनाऱ्यासाठी उंबरठा ३७ अंशांचा, आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त. शिवाय हे एका हवामान उपविभागात किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस घडावं लागतं. लाट जाहीर होते दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे असे उपविभाग चार: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. या सगळ्या व्याख्येत वाफ कुठेही नाही.

रात्रीचं तर आणखीच विचित्र. 'उष्ण रात्र' जाहीर करायला किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी चढलेलं हवं, पण त्याचा विचार तेव्हाच होतो जेव्हा दिवसाचं कमाल तापमान ४० किंवा अधिक असेल. समुद्रकाठच्या शहरात ४० अंश हा विक्रमांच्या जवळपासचा आकडा आहे. मुंबईतला एप्रिलचा उच्चांक १४ एप्रिल १९५२ चा ४२.२. मग पत्र्याच्या छपराखाली, खिडकी नसलेल्या खोलीत, रात्री ३० अंशांत कूस बदलत राहणाऱ्यांची रात्र नियमाने जवळजवळ कधीच 'उष्ण' ठरत नाही. उष्णतेने माणूस मरतो तो पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कारण रात्री शरीराला सावरायला उसंत मिळालेली नसते. ती उसंत मोजणारा निकषच किनाऱ्यासाठी कुलूपबंद आहे.

किनाऱ्याची हवा जरा समजून घेतली पाहिजे. तिथे खारे वारे दुपारी समुद्रावरून येतात, रात्री मतलई वारे जमिनीवरून जातात. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, खारा वारा उशिरा येतो, आणि पारा झपाट्याने चढतो. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश नोंदले गेले. असे दिवस कोकणात लाट म्हणून गाजतात. पण खारा वारा वेळेवर आला की पारा तीन-चार अंश उतरतो आणि वाफ चढते. बातमी 'दिलासा' म्हणते, अंग 'उकाडा' म्हणतं.

हाच घोटाळा विदर्भात जूनमध्ये जास्त घातक रूप घेतो. मोसमी वारे अजून पोचलेले नसतात, पण त्यांची ओल आधीच आलेली असते. मे अखेरीला ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता होती, ती आता ४० अंश आणि ४० टक्के झाली असं धरा. पारा चार अंशांनी उतरला म्हणून लाट ओसरली, इशारा मागे, मथळ्यात दिलासा. ओला पारा मात्र २३ वरून २८.५ वर गेलेला असतो. विदर्भातल्या घराघरांत हे माहीत आहे, कारण नेमके त्याच दिवसांत कूलर 'चिकचिक' करायला लागतो.

कूलरचं गणित सरळ आहे. चांगला कूलर कोरड्या आणि ओल्या पाऱ्यातल्या फरकाच्या साधारण ७५ ते ८० टक्के हवा थंड करतो. ४४ आणि २३ मधला फरक २१ अंशांचा; कूलरची हवा २८ च्या आसपास येते. ३४ आणि २९ मधला फरक पाच अंशांचा. तिथे कूलर जेमतेम चार अंश उतरवतो आणि खोलीत आणखी वाफ सोडतो. वाळ्याचे पडदे, ओला टॉवेल, गच्चीवर शिंपडलेलं पाणी, सगळे याच हिशेबाला बांधलेले. माठही. सच्छिद्र मातीतून पाझरणारं पाणी वाळतं आणि आतलं पाणी ओल्या पाऱ्याच्या जवळ जाऊन थांबतं. म्हणजे सावलीत, वाऱ्यावर ठेवलेला माठ हा घरातला ओला पाराच आहे. माठातलं पाणी गार लागेनासं झालं की बाहेर उकाडा आहे असं समजायला हरकत नाही. फक्त माठ जुना झालेला नसावा. जड पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजली की तो कोणत्याही हवेत गार करत नाही, आणि दोष हवेला मिळतो.

हे सगळं माहीत असूनही सल्ला मात्र राज्यभर एकच छापला जातो: भरपूर पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका, दारं-खिडक्या बंद ठेवा, ओलं कापड डोक्यावर घ्या. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यासाठी हा सल्ला उत्तम आहे. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा तापलेली, म्हणून खिडकी बंद. हवा कोरडी, म्हणून ओलं कापड लागू पडतं. गरम वारा अंगाला लागू नये म्हणून डोकं, कान, हात झाकलेले बरे. ठाण्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं बसलेली असताना हाच सल्ला उलटतो. स्वस्थ बसलेला माणूसही तासाला ४०-५० ग्रॅम वाफ हवेत सोडतो. खिडकी बंद केली की ती वाफ खोलीतच साठते आणि ओला पारा चढत जातो. तिथे समोरासमोरची दारं-खिडक्या उघडून वारा खेळता ठेवायचा, अंगावर कपडा विरळ आणि सैल ठेवायचा, ओल्या टॉवेलपेक्षा पंख्याखाली बसायचं. आणि मुख्य म्हणजे कामाची गती कमी करायची, कारण जी उष्णता बाहेर टाकता येत नाही ती निर्माण न करणं हाच एक खात्रीचा उपाय उरतो.

पाण्याबद्दलही एक दुरुस्ती. घाम सतत निथळत असेल तर नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं जड होतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि हे उन्हानेच झालं असं समजून आणखी पाणी पाजलं जातं. अंगमेहनत करणाऱ्याला दिवसातून काही वेळा मीठ-साखरेचं पाणी हवं: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने वाढवू नये. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

शब्द चुकला की मोजणी कशी चुकते याचं मोठं उदाहरण 'ऊन लागणे' आणि 'उष्माघात' हे दोन शब्द. दोन्हींत बाहेरून आलेला फटका आहे. त्यामुळे उन्हात उभा असलेला माणूस कोसळला तर उष्माघाताची शंका येते. घरात, सावलीत, खाटेवर झोपलेली म्हातारी बाई पहाटे गेली तर ती वयाने गेली किंवा हृदयाने गेली. वैद्यकशास्त्र उष्माघाताचे दोन प्रकार मानतं. एक श्रमाने येणारा, तरुण कामकऱ्यांत आणि धावपटूंत दिसणारा, तास-दोन तासांत गाठणारा. दुसरा श्रमाशिवाय, दोन-तीन दिवस शिजत शिजत येणारा, वृद्धांना घरातच गाठणारा. खूण दोन्हींची तीच: आतलं तापमान ४० च्या वर आणि भान हरपणं, म्हणजे बरळणं, ओळख न पटणं, झटके, बेशुद्धी. पहिल्या प्रकारात अंग घामाने चिंब असू शकतं, म्हणून 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' हा समज जिवावर बेततो. अशा माणसाला आधी गार करायचं, मग हलवायचं: कपडे काढून अंगावर पाणी ओतायचं, जोराने वारा घालायचा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवायचा. हवा दमट असेल तर नुसतं ओलं कापड पुरत नाही, थंड पाणी सतत बदलत राहावं लागतं. शुद्ध नसेल तर तोंडाने काही द्यायचं नाही.

१६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या समारंभात उष्माघाताने १४ माणसं गेली. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. आधी आकडा ऐकून कुणालाही तो मोठा वाटला नसता. विदर्भात ३८ म्हणजे बरा दिवस. पण तो आकडा सावलीतला. हवामान केंद्राचा थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर किंवा थोडा वर टांगलेला असतो, ऊन त्याच्यापर्यंत पोचूच नये म्हणून. त्यात डोक्यावरचं ऊन, खालून तापलेल्या जमिनीची धग, शेजारच्या माणसांच्या शरीरांनी अडवलेला वारा आणि खाडीकाठची दमट हवा, यातलं काहीच धरलेलं नसतं.

हे सगळं धरणारं मापही आहे आणि ते सत्तर वर्षं जुनं आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण तळांवर जवान उष्माघाताने कोसळत होते, तेव्हा तिथे एक मिश्र पारा काढला गेला: ओल्या पाऱ्याचे ७० टक्के, उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्यातल्या पाऱ्याचे २० टक्के, कोरड्या पाऱ्याचे १० टक्के. काळा गोळा म्हणजे काळा, चमक नसलेला रंग दिलेला, १५ सेंटिमीटर व्यासाचा तांब्याचा पोकळ गोळा, मध्यभागी थर्मामीटर. बांधकाम, रस्त्याचं डांबरीकरण, वीटभट्टी, मैदानावरचा मेळावा यांच्यासाठी हेच माप योग्य आहे. कोरड्या पाऱ्याला तिथे फक्त दहावा हिस्सा आहे, आणि आपला सगळा इशारा त्या दहाव्या हिश्शावर उभा आहे.

ओला पारा आपल्या कायद्याला अनोळखीही नाही. १९५७ च्या कोळसाखाण विनियमांत जमिनीखालच्या कामाच्या जागी ओला पारा ३३.५ अंशांच्या वर जाऊ नये अशी मर्यादा घातली, आणि तो ३०.५ च्या वर गेला तर सेकंदाला किमान एक मीटर वेगाने हवा खेळवणं बंधनकारक केलं. म्हणजे चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या भूमिगत खाणीत उतरणाऱ्या कामगारासाठी त्या काळीही वाफेचा विचार झाला होता. खाणीच्या तोंडाशी रस्ता करणाऱ्या मजुरासाठी तो अजून व्हायचा आहे. जमिनीखालच्या उकाड्याला आकडा आहे, उघड्यावरच्याला नाही.

यावर पहिला आक्षेप असा की उकाडा ही भावना आहे, ती शास्त्रीय संज्ञा कशी होईल? मग 'मुसळधार' कोणती शास्त्रीय संज्ञा होती? मुसळाएवढ्या जाड धारा ही कुणा शेतकऱ्याची उपमा. आज मराठी हवामानवृत्तात मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर आणि अतिमुसळधार म्हणजे त्यापुढे २०४.४ पर्यंत, असा शब्दामागे आकडा उभा आहे. शब्द लोकांचा, माप खात्याचं, आणि दोघांचं छान जमलं. 'मुसळधार' ऐकून माणूस छत्री घेतो, 'जोरदार पर्जन्यवृष्टीची शक्यता' वाचून पान उलटतो. उकाड्याचंही तसंच होऊ शकेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हवामान खातं किनाऱ्यासाठी 'उष्ण व दमट हवामान' असा इशारा देतंच, आणि २०२३ पासून प्रायोगिक स्वरूपात उष्णता निर्देशांकही प्रसिद्ध करतं, मग वेगळं काय हवं? ही पावलं योग्य दिशेची आहेत हे मान्यच. पण 'उष्ण व दमट' हे कोकणाचं बारमाही वर्णन आहे. भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य इशारा म्हणून दिलं तर त्याने कुणी दचकणार नाही. निर्देशांकाची अडचण निराळी. तो '३४ अंश, पण ४६ सारखे वाटतील' असं सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं की खरं ३४ आहे आणि ४६ ही अतिशयोक्ती. शिवाय तो सावलीतल्या, सावकाश चालणाऱ्या माणसासाठी बेतलेला आहे, उन्हात खडी फोडणाऱ्यासाठी नाही. (त्याचं मराठीही जपून करायला हवं. घाईत कुणी 'उष्मांक' म्हणालं तर तो भाकरीतल्या कॅलरींचा हिशेब होईल.) ओला पारा हा मोजलेला, खरा पारा असतो, त्यात 'सारखं वाटणं' काही नसतं.

तिसरा आक्षेप प्रामाणिक आहे. उंबरठे कोणते ठेवायचे? चर्चेसाठी एक मांडणी अशी: दुपारचा ओला पारा २७ च्या वर म्हणजे उकाडा, २९ च्या वर तीव्र उकाडा, ३१ च्या वर जीवघेणा उकाडा. पहिला उंबरठा २५ वर आणला तर किनाऱ्यावर मेचा प्रत्येक दिवस इशाऱ्याचा होईल आणि महिनाभरात इशाऱ्याकडे कुणी पाहणार नाही. ३० वर नेला तर इशारा यायच्या आत रुग्णालयं भरलेली असतील. हे आकडे प्रत्येक जिल्ह्यातल्या मृत्यूंच्या आणि दाखल रुग्णांच्या रोजच्या नोंदींशी ताडून वरखाली करावे लागतील, आणि त्यासाठी आधी त्या नोंदी नीट ठेवाव्या लागतील. रात्रीचा उंबरठा दिवसाच्या ४० अंशांपासून सोडवायला मात्र कोणत्याही अभ्यासासाठी थांबायचं कारण नाही.

मोजताना होणाऱ्या चुका तेवढ्या टाळल्या पाहिजेत. सगळ्यात सर्रास चूक वर्तमानपत्रांच्या हवामान-चौकटीत दिसते: दुपारचं कमाल तापमान आणि सकाळची आर्द्रता शेजारी छापलेली. हवा तापली की तीच वाफ कमी टक्के दाखवते. पहाटे २८ अंशांना ९८ टक्के असलेली आर्द्रता, हवेतली वाफ तेवढीच राहिली तरी दुपारी ३४ अंशांना ७० वर येते. '३४ अंश आणि ९८ टक्के' अशी हवा त्या गावात कोणत्याही क्षणी नसते, पण त्या जोडीवरून काढलेले भयंकर आकडे समाजमाध्यमांवर फिरतात. दोन्ही नोंदी एकाच वेळच्या हव्यात, किंवा सरळ दवबिंदू द्यावा, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान; ते हवा तापली म्हणून असं घसरत नाही.

शाळा, ग्रामपंचायत, बांधकामाची जागा इथे ओला-कोरडा पारा स्वतः बघायचा तर कापड विरळ विणीचं सुती, खळ धुऊन काढलेलं हवं. पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ थंड करून मिळवलेलं. मळकट कापड किंवा क्षाराचं पाणी असलं की पाणी नीट चढत नाही आणि ओला पारा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. वारा नसेल तरीही तेच, म्हणून हाताने किंवा पंख्याने सेकंदाला तीन ते पाच मीटर वेगाचा वारा द्यायचा आणि पारा उतरायचा थांबेपर्यंत वाट पाहायची. कापड अर्धवट सुकलं तर पारा पुन्हा चढू लागतो, त्याआधी वाचायचं. वाचताना तोंड लांब ठेवायचं, कारण श्वासातली वाफही त्याला पुरते. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

मग जिल्हा प्रशासनाचा संदेश काही असा येऊ शकेल: उद्या ठाणे आणि रायगडमध्ये तीव्र उकाडा. कमाल ३५, दुपारी अडीचला ओला पारा २९ च्या वर, रात्री २६ च्या खाली उतरणार नाही. अंगमेहनतीची कामं सकाळी दहाच्या आत. त्यानंतर दर तासाला पंधरा मिनिटं वाऱ्यावर बसून विश्रांती. घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे रात्री एकदा डोकावा. कूलर वापरू नका.